‘थांबा!’ म्हणणारा प्रेक्षक : वस्तीचं नाटक म्हणजे नक्की काय?

पथनाट्य पाहिलेलं नाही असा सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. चार पुतळ्यापाशी, एसटी स्टँडच्या बाहेर, कॉलेजच्या फाटकावर काळे कुडते घातलेली पोरं रिंगण करतात, हलगी कडाडते, ‘ऐका हो ऐका’ होतं. मतदान करा, हेल्मेट घाला, मुलगी वाचवा, झाडं लावा. पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. टाळ्या पडतात, बॅनरसमोर फोटो निघतो, आणि मंडळी पुढच्या चौकात जातात.

या पोरांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. उन्हात उभं राहून घसा फोडणं सोपं नसतं. पण समाज बदलण्यासाठी नाटक असं जगभरात ज्याला म्हणतात, त्यातला मोठा आणि जास्त कामाचा भाग या पथनाट्यापेक्षा वेगळा आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याला लोकसहभागाचं नाटक म्हणतात. मी इथं साधं ‘वस्तीचं नाटक’ म्हणणार आहे.

दोन्हींतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. नाटकात कोणता प्रश्न घ्यायचा, हे कुणी ठरवलं? कार्यालयात ठरून, संहिता लिहून होऊन, बसवून झालेलं नाटक वस्तीत आलं, तर ती जनजागृती. तिचं काम माहिती देण्याचं, आणि माहिती हवीच असते. पल्स पोलिओचा दिवस कोणता, हे कुणीतरी सांगायलाच लागतं. पण बरेच प्रश्न माहितीअभावी अडलेले नसतात. मुलीचं लग्न अठराच्या आत करू नये, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कुणालाही विचारा, पाठ असतं. तरी लग्नं होतात. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न ‘कायद्याने गुन्हा आहे’ असं गाण्यात म्हटल्यानं सुटत नाही. काय करावं हे कळतं, पण ते करायचं कसं, अडवणाऱ्यापुढं तोंड उघडायचं कसं, हे वळत नाही. वस्तीचं नाटक या दुसऱ्या गोष्टीसाठी असतं.

नुसत्या व्याख्येनं हे कळणार नाही, म्हणून एक उदाहरण रचून दाखवतो.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा विडी घरकुलातल्या, घरी विड्या वळणाऱ्या दहा-बारा बायका आठवड्यातून दोनदा रात्री जमतात. पहिले काही दिवस नाटकाचं नावही निघत नाही. खेळ होतात, डोळे बांधून एकमेकींच्या आवाजावर चालणं वगैरे. मग एक काम दिलं जातं : बोलायचं नाही, शेजारणीचे हातपाय मातीसारखे वळवून ‘आपला दिवस’ असा पुतळा करून दाखवायचा. कुणी मांडीवर सूप घेऊन वाकलेली बाई करते. कुणी काउंटरपाशी हात पसरलेली. तिसरी काउंटरच्या पलीकडचा माणूस करते आणि सगळ्या हसतात, कारण तो कोण हे सगळ्यांना ओळखू येतं. इथून विषय निघतो. तो कुणी बाहेरून आणलेला नसतो.

विषय आहे छाटीचा. कारखान्याच्या शाखेतून पान, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पान भिजवून मापानं कापायचं, विड्या वळायच्या, बंडलं बांधायची आणि शाखेत नेऊन द्यायची. मजुरी हजार विड्यांमागे. तपासणारा काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी नाही. पान खराब निघालं, कमी पडलं, तर ते पदरच्या पैशानं विकत आणून आकडा भरून काढायचा. १९६६ च्या विडी कामगार कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत अशा छाटीला मर्यादा घातलेली होती. पण नियम कागदावर आणि तपासणाऱ्याचा हात विड्यांवर.

बायका यातून पंधरा मिनिटांचं नाटुकलं उभं करतात. नागमणी नावाची एक बाई. पान निम्मं फाटकं निघतं, म्हणून सातवीतल्या पोरीला शाळा बुडवून हाताखाली बसवते. शाखेत तपासणारा मूठभर विड्या उचलून बाजूला टाकतो. नागमणी गप्प. घरी पैसे कमी का म्हणून नवरा ओरडतो. नागमणी गप्प. दुसऱ्या दिवशी पोर शाळेत जायला निघते आणि नागमणी म्हणते, ‘आजचा दिवस थांब.’ संपलं.

शेवट मुद्दामच वाईट ठेवलेला असतो. प्रेक्षकात बसलेल्या बायका अस्वस्थ होतात. मग सूत्रधार पुढं येते आणि विचारते, ‘असं होतं का आपल्याकडं?’ होतं, असा गलका होतो. ‘मग आम्ही हेच नाटक पुन्हा पहिल्यापासून करतो. नागमणीनं जिथं दुसरं काहीतरी करायला हवं होतं असं वाटेल, तिथं ‘थांबा’ म्हणायचं, इथं यायचं, नागमणीचा पदर घ्यायचा आणि करून दाखवायचं. जागेवर बसून सल्ला देणं बंद.’

या पद्धतीला जगभर फोरम थिएटर म्हणतात. खरी मजा आता सुरू होते. पहिली बाई येते आणि तपासणाऱ्याला फाडफाड बोलते. टाळ्या. पण तपासणाऱ्याचं काम करणारी नटी सोडत नाही. ती तसंच वागते जसा तो वागला असता : ‘उद्यापासून येऊ नकोस. पान दुसरीला देतो.’ बाई गडबडते. दुसरी येते, सोबत तिघींना घेऊन. तो म्हणतो, ‘गर्दी करू नका, एकेकीनं या,’ आणि चौघींची फळी दोन मिनिटांत फुटते. तिसरी म्हणते, ‘छाट किती काढली ते माझ्या कार्डावर लिहून द्या.’ तो थबकतो, मग म्हणतो, वही साहेबांकडं आहे. चौथी, बहुधा साठीच्या पुढची, शांतपणे विचारते : ‘विड्या वाईट आहेत ना? मग त्या ठेवून कशाला घेता? माझ्या मला परत द्या. मी पान सोडवून घेते.’

यावर तपासणाऱ्याला पटकन उत्तर सुचत नाही. आणि उत्तर सुचलं नाही हे पन्नास बायकांनी एकाच वेळी पाहिलेलं असतं. तेवढ्यात मागून कुणीतरी, जी युनियनच्या मोर्चांना गेलेली आहे, छाटीच्या मर्यादेचा नियम सांगते. माहिती इथं आली, पण मागणी तयार झाल्यावर आली, म्हणून ती लक्षात राहते.

दोन नियम मात्र कसोशीनं पाळावे लागतात. पहिला, बदलायचं पात्र नागमणीच. तपासणाऱ्याच्या जागी जाऊन ‘मी आजपासून छाट काढणार नाही’ असं म्हणता येत नाही. अन्याय करणाराच सुधारला तर प्रश्न उरतच नाही, आणि उद्या सकाळी शाखेत गेल्यावर तो सुधारलेला नसतो. दुसरा, जादू चालत नाही. लॉटरी लागली, कलेक्टर अचानक आले, नवऱ्याला पश्चात्ताप झाला, असं कुणी केलं की सूत्रधारानं प्रेक्षकांना विचारायचं, ‘हे होईल का?’ निकाल प्रेक्षकच देतात. सूत्रधारानं स्वतःचं मत द्यायचं नाही. आपल्याकडच्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना हे सगळ्यांत जड जातं. बरोबर उत्तर ठाऊक असताना तोंड मिटून उभं राहणं ही एक तपश्चर्याच आहे.

ही पद्धत घडवली ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या दिग्दर्शकानं. त्याच्या आयुष्यातले दोन प्रसंग त्यानं स्वतः सांगून ठेवले आहेत, आणि ते कळले की पद्धतीतला प्रत्येक नियम कुठून आला ते समजतं. १९६० च्या दशकात तो आणि त्याचे शहरी नट ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकऱ्यांपुढं नाटक करत होते. शेवटी सगळे बंदुका उंचावून, जमिनीसाठी रक्त सांडलं पाहिजे असं गात. प्रयोगानंतर व्हर्जिलियो नावाचा शेतकरी आनंदानं पुढं आला. म्हणाला, तुमचं म्हणणं आणि आमचं एकच आहे. जेवण करू, तुमच्या बंदुका घेऊ आणि जमीनदाराच्या माणसांना हुसकून लावू. नट गांगरले. बंदुका खोट्या आहेत, आम्ही कलावंत आहोत, असं सांगायची वेळ आली. शेतकऱ्याला जे समजायचं ते समजलं : सांडायचं होतं ते रक्त आमचं, यांचं नाही. जी जोखीम आपण घेणार नाही ती घ्यायला दुसऱ्याला सांगायचं नाही, हे बोआल इथं शिकला.

१९७१ मध्ये लष्करी राजवटीनं त्याला पकडलं, छळ केला, आणि सुटल्यावर त्यानं देश सोडला. १९७३ मध्ये पेरूमध्ये साक्षरता मोहिमेत काम करताना दुसरा प्रसंग घडला. एका निरक्षर बाईचा नवरा तिच्याकडं काही कागद ठेवायला देत असे, घराच्या बांधकामाच्या पावत्या आहेत म्हणून. शेजारणीनं वाचले तर ती त्याच्या प्रेयसीची पत्रं निघाली. तो परत येईल तेव्हा हिनं काय करावं? प्रेक्षक सुचवत होते आणि नट करून दाखवत होते. एक धिप्पाड बाई मात्र दर वेळी चिडत होती, मला जे म्हणायचंय ते हे नव्हे. शेवटी बोआल तिला म्हणाला, तूच ये वर. ती आली, नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला धरलं आणि झाडूनं मनसोक्त बदडलं, मग त्याला जेवायला वाढायला लावलं. ‘स्पष्ट बोलावं’ या तिच्या शब्दांचा अर्थ हा होता. कुठल्याही नटाला तो दुसऱ्याच्या तोंडून कळला नसता. त्या दिवसापासून प्रेक्षक रंगमंचावर आला तो आलाच. बोआलच्या पुस्तकाचं नाव (‘थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड’, म्हणजे पीडितांचं नाटक) आणि विचार दोन्हींवर पाओलो फ्रेरे या त्याच्याच देशातल्या शिक्षणतज्ज्ञाची छाप आहे. त्याचंही म्हणणं हेच होतं की शिकणाऱ्याला रिकामं भांडं समजून त्यात ज्ञान ओतायचं नसतं.

आता कुणी म्हणेल, ब्राझीलचं कशाला, आपल्याकडं काय कमी आहे? रास्त आहे. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं १८५५ मध्ये. भोळ्या शेतकरी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो, आणि अखेर ते दोघं रात्रीच्या शाळेत शिकायला कसे निघतात, याचं ते नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. पुढं सत्यशोधकी जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन त्यातला मजकूर पालटला, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा खेडोपाडी नेला. आपल्या जिल्ह्याचा यातला वाटा मोठा आहे. शाहीर अमर शेख बार्शीचे. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबरचं त्यांचं लालबावटा कलापथक गिरणगावातल्या हजारोंच्या सभा पेटवत असे. अगदी मागं जायचं तर पेशवाईतले रामजोशी सोलापूरचेच. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींनी भारुडातून आजचे विषय मांडले आहेत. बायकांच्या बाजूनं पाहिलं तर स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ हे १९८३ चं नाटक महाराष्ट्रभर फिरलं, आणि त्यात काम करणाऱ्या बऱ्याच जणी याआधी कधी रंगमंचावर चढल्या नव्हत्या.

ही परंपरा आणि वस्तीचं नाटक यांत नातं आहे, पण ती एक नव्हेत. जलशात शाहीर बोलतो आणि लोक ऐकतात. तो लोकांतलाच असतो, त्याची भाषा लोकांची असते, तरी उत्तर त्याच्याकडं असतं. फोरममध्ये उत्तर कुणाकडंच नसतं. मला विचाराल तर दोन्ही लागतात. जलसा माणसाला ताठ उभं करतो. ताठ उभं राहिल्यावर उद्या नेमकं काय बोलायचं, याची तालीम फोरममध्ये होते. सोलापुरात ही सांगड जमायला हरकत नाही, कारण हलगी, लेझीम आणि मंडळ या तीन गोष्टी इथं गल्लोगल्ली तयार आहेत.

सोलापुरात खरा खोळंबा होतो तो भाषेचा. पूर्व भागातल्या घराघरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणखी काही मोहल्ल्यांत दख्खनी वळणाची उर्दू. बाहेर सगळे मराठी बोलतात, पण भांडण आणि रडणं घरच्या भाषेत होतं. पुस्तकी मराठीतलं पथनाट्य तिथं पाहुण्यासारखं येऊन जातं. फोरममध्ये ही अडचण आपोआप उघडी पडते. पदर घेऊन आत आलेली बाई तेलुगूत बोलली की समोरच्या नटीला तेलुगूतच उत्तर द्यावं लागतं, म्हणून संच मिश्र भाषेचा असावा लागतो. आणि बुर्रकथा, म्हणजे गाऊन-बोलून कथा सांगणं, हा तर तेलुगू मुलखातला असाच राजकीय वापर झालेला प्रकार आहे. इप्टा ही डाव्या विचारांच्या कलावंतांची संघटना १९४३ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी जोडलेल्या प्रजा नाट्य मंडळीनं आंध्र-तेलंगणात बुर्रकथा गावोगाव नेली होती. पूर्व भागातल्या आज्यांना ती सांगावी लागणार नाही.

नाटकानं खरंच काही बदलतं का, हा प्रश्न टाळता येणार नाही. नुसत्या नाटकानं फार नाही. बदल होतो तो नाटकाला पुढं काय जोडलं आहे त्यावर. बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ शहराच्या महापालिकेत नगरसेवक होता. त्यानं वस्तीवस्तीत फोरमचे गट उभे केले. प्रेक्षकांनी सुचवलेले उपाय लिहून घेतले जात, वकील त्यांचे ठराव करत आणि ते सभागृहात मांडले जात. त्यांतले १३ कायदे झाले. म्हणजे प्रेक्षकाचं ‘थांबा’ सभागृहापर्यंत पोचायला वाट होती. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबनच्या भागात संजय गांगुलींनी १९८५ मध्ये जन संस्कृती सुरू केली. तिथले नट म्हणजे शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या बायका. त्यांची नाटकं दारू, हुंडा, गावच्या कारभाराचे प्रश्न घेतात, आणि एकदा प्रयोग करून निघून न जाता त्याच गावात पुन्हा पुन्हा जातात. हे ‘पुन्हा पुन्हा’ महत्त्वाचं. एका प्रयोगात बाई फक्त एवढंच शिकते की मध्येच थांबवता येतं.

अहमदाबादच्या छारानगरचं उदाहरण सोलापूरला जास्त जवळचं वाटावं. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा तरुण पोलीस कोठडीत मेला. सबर ही इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींपैकी एक. छारा ही दुसरी. छारानगरच्या पोरांनी त्याच वर्षी बुधनवर नाटक बसवलं आणि त्यातून बुधन थिएटर उभं राहिलं. जमातींना गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी कपाळावरचा शिक्का राहिला. अशाच जमातींना डांबण्यासाठी केलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कोण राहत होतं, तारेच्या कुंपणाआड का राहत होतं, हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. नाटक करणारी वस्ती म्हणून ओळख मिळणं हा छारानगरसाठी झालेला बदल होता. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता वाचून समोरच्याच्या मनात जे येतं, तेच पालटायचं होतं.

आता धोके. यांबद्दल कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबतो.

रंगमंचावर तपासणाऱ्याशी भांडलेली बाई रात्री घरी जाते आणि सकाळी त्याच शाखेत. समोरच्या गर्दीतल्या कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलेलं असतं आणि प्रयोग संपायच्या आत ते व्हॉट्सॲपवर फिरतं. तपासणाऱ्यानं ते पाहिलं तर दुसऱ्या दिवशी पान कुणाला मिळणार नाही हे सांगायला नको. म्हणून अशा प्रयोगात फोन पिशवीत ठेवायला लावणं हा पहिला शिष्टाचार, आणि प्रयोग कुणासमोर होतोय हे बघणं हा दुसरा. आधी बायकांपुरता, दार लावून. चौकात नंतर, आणि त्यांना वाटलं तरच. नवऱ्याच्या मारहाणीसारखा विषय असेल तर कुणा एकीची खरी गोष्ट जशीच्या तशी घ्यायची नाही, चार जणींच्या गोष्टी मिसळून पाचवी करायची. आणि प्रयोगातून कुणी खरंच मदत मागितली, तर नंबर कुणाचा द्यायचा, सोबत कोण जाणार, हे आधी ठरलेलं हवं. बालविवाहाचा विषय असेल तर गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ वर मुलांसाठी मदत मिळते, एवढं सूत्रधाराला पाठ पाहिजे.

सत्तेला नाटक बोचतं हेही खरं. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या कामगार भागात प्रयोग चालू असताना पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि बाकीच्या संचानं त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. दर ठिकाणी इतकं टोक गाठलं जात नाही. पण ‘आम्ही फक्त नाटक करतोय’ ही ढाल पातळ असते हे धरूनच उतरावं.

आणखी एक धोका सोज्वळ दिसतो. संस्थेला निधी मिळालेला असतो, अहवालात ‘इतके प्रयोग, इतके लाभार्थी’ भरायचं असतं. मग ‘थांबा’ म्हणणाऱ्या बाईनं संस्थेला हवं तेच सुचवावं, अशी हळूच तजवीज होते. सूत्रधार एका उत्तराला ‘वा!’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘बरं’. बायका हुशार असतात, कुठल्या उत्तराला ‘वा’ मिळतं ते दोन मिनिटांत ओळखतात. मग फोरमचं पुन्हा पथनाट्य होतं, फक्त संवाद प्रेक्षकांकडून म्हणवून घेतलेले.

सुरुवात करायची असेल तर खर्च जवळजवळ नाही. हुतात्मा स्मृती मंदिर भाड्यानं घ्यायची गरज नाही, समाजमंदिर किंवा मंडळाची खोली पुरते. नेपथ्य म्हणजे एक टेबल, एक सूप, एक ओढणी. लागतो तो वेळ : पहिल्या खेळांपासून दाखवण्याजोगं नाटुकलं उभं राहीपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. आणि बैठकीची वेळ संस्थेच्या कार्यालयाच्या सोयीनं दुपारी तीनची ठेवली तर कुणी येणार नाही. दुपारी हाताखाली विड्या असतात. शाखेत माल देऊन, स्वयंपाक उरकून बायका मोकळ्या होतात रात्री आठनंतर.